इ-सिगारेटच्या टाकीतली करपलेली वात घरी कशी बदलायची?

प्रश्न: लेस्टरला राहतो. १ जून २०२५ पासून इथे वापरून फेकायचे वेप बंद झाले, म्हणून स्वतः कॉइल (तापणारी तार) बसवायची, तिच्यात कापसाची वात ओवायची आरटीए टाकी घेतली. पहिली कॉइल दुकानदाराने बसवून दिली. आता प्रत्येक झुरक्याला करपट चव येते. कापूस एकदा बदलला, पण दोन दिवसांत पुन्हा तेच. कापूस कमी पडला का? डिसेंबरात नाशिकला घरी जातोय, तिथून फुलवातीचा कापूस आणला तर चालेल? आणि टाकी सोबत नेऊ का?

उत्तर:

कापूस कमी नाही, बहुतेक जास्त झालाय. वात करपली की कापूस अपुरा पडला असं वाटतं, म्हणून पुढच्या वेळी माणूस आणखी ठासून भरतो आणि वात आणखी लवकर करपते.

कॉइलभोवती लिक्विड असतं तोवर तिची सगळी उष्णता ते उकळण्यात जाते. लिक्विडमधलं प्रोपिलीन ग्लायकॉल १८८ अंश सेल्सिअसला उकळतं, ग्लिसरीन २९० च्या आसपास. लिक्विड संपलं की तापमान अडवणारं काही उरत नाही, कॉइल क्षणात कितीतरी वर जाते आणि कापूस जळतो. एकदा जळलेला तंतू पुन्हा कितीही भिजवला तरी चव सुधारत नाही. म्हणजे टाकीत किती लिक्विड आहे यापेक्षा झुरक्यागणिक ते कॉइलपर्यंत किती वेगाने पोचतं हे महत्त्वाचं. आणि दाबून भरलेल्या कापसात तंतूंमधली जागाच मिटते, मग लिक्विड चढणार कुठून?

तुमच्या फुलवातीच्या प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे. कच्च्या कापसाच्या तंतूवर नैसर्गिक मेणाचा पातळ थर असतो. तेला-तुपाला त्याचं वावडं नाही, म्हणून समईत ती वात झकास चालते. वेपचं लिक्विड मात्र पाण्याच्या जातीचं, मेणावर ते नीट पसरत नाही. गादी-उशीतल्या पिंजलेल्या कापसाचंही तेच. शिवाय बाजारच्या तयार वातींत कृत्रिम धागा किंवा सुगंध मिसळला आहे की नाही, हे पाकिटावरून कळत नाही. पॉलिएस्टर असेल तर ते कॉइलवर वितळेल आणि त्याचा धूर तुमच्या छातीत जाईल. तेव्हा नाशिकहून कापूस आणू नका. लेस्टरमध्येच वेपसाठीचा कापूस किंवा ब्लीच न केलेले जपानी कॉटन पॅड घ्या. एका पॅडमध्ये पाच-सहा वाती सहज होतात.

आता काम. आधी टाकी मॉडवरून, म्हणजे बॅटरीच्या भागावरून, काढा. निकोटिन कातडीतून शरीरात जातं, त्यामुळे पातळ हातमोजे घाला, आणि घरात लहान मूल असेल तर उघडी बाटली ओट्यावर ठेवून उठू नका. टाकी रिकामी करून डेक, म्हणजे कॉइल बसवलेला तळ, उघडा. जुनी वात सुकी असताना ओढू नका, ती कॉइलला चिकटलेली असते आणि फेरे वाकवून बाहेर येते. दोन थेंब लिक्विड टाका, वातीचं एक शेपूट कॉइललगत कापा आणि दुसऱ्या बाजूने चिमट्याने हळू काढा. डेक कोमट पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा.

कॉइलवरचा काळा थर म्हणजे मुख्यतः लिक्विडमधल्या गोडव्याचा जळका अंश. सुक्रलोज हा कृत्रिम गोडवा घातलेली लिक्विडं कॉइल दोन-तीन दिवसांत काळी करतात, साध्या पुदिन्याला आठवडा लागतो. तुमची दुसरी वात दोन दिवसांत गेली त्यात याचाही हात असू शकतो. कॉइल कँथलची (लोखंड-क्रोमियम-अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची) असेल तर कापूस नसताना डेक मॉडवर लावा आणि ८ ते १० वॅटवर दोन-दोन सेकंदांचे झटके द्या. थर जळून राख होतो. बॅटरीपासून वेगळं करून, गार झाल्यावर नळाखाली धरून मऊ ब्रशने घासा. वाळल्यावर पुन्हा झटका दिला की लाली मध्यापासून दोन्ही टोकांकडे सारखी पसरली पाहिजे. एखादाच फेरा आधी पेटत असेल तर बटण सोडून, स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने फेऱ्यांवरून हलकेच खरवडा आणि पुन्हा झटका द्या. बटण दाबलेलं असताना धातूचा चिमटा कॉइलला लावलात तर शॉर्ट होईल. निकेल आणि टायटॅनियमच्या तारा अशा कोरड्या लाल करू नयेत, त्या सरळ बदलाव्यात. कँथलही चार-पाच वाती झाल्यावर बदललेली बरी.

नवी कॉइल करायची वेळ आली आणि तुमची टाकी सिगारेटसारखी तोंडाने ओढायची, घट्ट असेल, तर २८ गेजची कँथल तार, ती गुंडाळायला २.५ मिलिमीटरचा दांडा आणि ६ फेरे घ्या. पाय, म्हणजे तारेची स्क्रूकडे जाणारी दोन्ही टोकं, धरून विद्युतरोध सुमारे १.१ ओहम येतो. त्याला १२ ते १४ वॅट पुरेत. पाय कापताना नेलकटर बरा पडतो, कारण टोक स्क्रूच्या बाहेर आलं की ते टोपीला टेकून शॉर्ट होतं. कॉइल बदलली असो वा नुसती साफ केली असो, झाकण लावण्याआधी मॉडवर रोध बघायचाच. आकडा उड्या मारत असेल तर स्क्रू सैल आहे. आणि हे सगळं रोध मोजणाऱ्या, शॉर्ट झाल्यास स्वतः बंद होणाऱ्या मॉडवर करा. सर्किट नसलेला, नळीसारखा मेकॅनिकल मॉड शिकण्याच्या कामाचा नाही.

आता खरी कसोटी, कापसाची. पॅडचे वरचे-खालचे कडक पापुद्रे सोलून काढा. पॅड हाताने दोन्ही दिशांना थोडं ताणून बघा, ज्या दिशेला ते कमी ताणलं जातं तिकडे तंतू धावतात. त्याच दिशेने ८ ते १० मिलिमीटर रुंद पट्टी कापा. आडवी कापलीत तर तंतू तुटके राहतात आणि लिक्विड वाटेतच अडतं. पट्टीचं एक टोक पिळून सुईसारखं करा आणि कॉइलमधून ओवा. पीळ फक्त टोकालाच, मधला भाग मोकळा.

अर्धी पट्टी आत गेल्यावर थांबा आणि ती मागे-पुढे सरकवून बघा. कापूस सरकताना हलका अडला पाहिजे, पण कॉइलचे पाय जागचे हलता कामा नयेत. पाय वाकत असतील तर पट्टी बाहेर काढून कडेचे थोडे तंतू सोडवा. उलट काहीच अडत नसेल तर कापूस सैल आहे. अशा वेळी लिक्विड उकळून थेंब जिभेवर उडतात.

बहुतेकांचं कॉइलपर्यंतचं काम बरं होतं आणि शेपटांत फसतं. दोन्ही शेपटं डेकच्या बाहेरच्या कडेशी येतील एवढी तिरकी कापा. मग सुईने किंवा चिमट्याच्या टोकाने शेवटचा भाग विंचरून सुमारे एक तृतीयांश कापूस काढून टाका. शेपूट कॉइलजवळ भरीव आणि टोकाला विरळ हवं. ती खाली लिक्विडच्या खाचेत सोडा. खाचेचं तोंड झाकलं जावं, पण खाच ठासली जाऊ नये, आणि टोक तळाला जेमतेम टेकावं. हवेच्या भोकासमोर एकही तंतू नको.

वातीवर आठ-दहा थेंब सोडा. कोरडा कापूस पांढराशुभ्र दिसतो, भिजला की काचेसारखा पारदर्शक होतो. पांढरा ठिपका कुठेही उरू देऊ नका, विशेषतः कॉइलच्या खालच्या बाजूला. ८ वॅटवर एक सेकंदाचा झटका द्या, दोन्ही बाजूंनी वाफ सारखी निघाली पाहिजे. आणखी दोन-तीन थेंब टाका, टाकी भरा, हवेची कडी बंद ठेवून झाकण फिरवा आणि पाच मिनिटं तशीच उभी ठेवा. पहिले झुरके १० वॅटवर घ्या, मग हळूहळू वाढवा.

तरीही बिघडलंच, तर करपट चव नेमकी कधी येते ते बघा. पहिल्याच झुरक्याला आली तर वात नीट भिजली नव्हती किंवा आधीच जळली आहे, ती काढून टाका. एकामागून एक ओढल्यावरच येत असेल तर शेपटं जाड आहेत, नाहीतर लिक्विड घट्ट आहे. बारीक खाचांच्या टाकीला ५०:५० चं, म्हणजे ग्लायकॉल आणि ग्लिसरीन निम्मं-निम्मं असलेलं लिक्विड घ्या, ७०-८० टक्के ग्लिसरीनवालं नको. झुरका घेतल्यावर बुडबुडा वर येतच नसेल तर खाच हवेने अडलीय. बटण न दाबता दोन-तीनदा ओढा, सुटते. गुरगुर ऐकू येत असेल किंवा हवेच्या भोकातून लिक्विड गळत असेल, तर खाचेत कापूस कमी आहे, शेपूट आखूड पडलंय, किंवा तळाचं रबर दुमडलंय. रबर आधी बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

दुकानात मिळणाऱ्या तयार बंद कॉइलची वात बदलायच्या भानगडीत पडू नका. ती उघडता येते, पण पुन्हा तशी घट्ट बसत नाही आणि गळते.

टाकी नाशिकला नेऊ नका. भारतात २०१९ च्या कायद्याने इ-सिगारेट आणायला, विकायला आणि साठवायलाही बंदी आहे, निकोटिन नसलेलीलाही. आयातीवरची बंदी सुट्या भागांनाही लागू आहे. आयातीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि साठवणुकीला सहा महिन्यांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्या सुट्टीपुरते निकोटिनचे पॅच किंवा च्युइंगगम लेस्टरच्या फार्मसीतून घेऊन जा, आणि टाकी रिकामी करून, वात काढून कपाटात ठेवा. महिनाभर ओली राहिलेली वात परत आल्यावर तशीही टाकूनच द्यावी लागेल.