वेदनाशामकांचे कायदे कडक झाले की डॉक्टर आणि रुग्ण यांच्यावर काय परिणाम होतो?

वेदनाशामकांवरील कायदे कडक केल्याने गैरवापर थांबतो की खऱ्या रुग्णांचीच अडचण होते, असे आपण विचारले आहे. मी भूलतज्ज्ञ आहे आणि वेदनाशमनाच्या बाह्यरुग्ण विभागात काम करते, म्हणून भारतातील अनुभवावरूनच उत्तर देते.

1985 च्या एनडीपीएस कायद्याने, म्हणजे अमली पदार्थांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्याने, मॉर्फिन या अफूपासून बनणाऱ्या तीव्र वेदनाशामकाच्या वैद्यकीय वापरावर बंदी कधीच घातली नव्हती. मात्र गुन्ह्याला किमान 10 वर्षांची शिक्षा होती, आणि साठा बाळगणे, परराज्यातून आणणे, वाहतूक करणे यांसाठीचे परवाने निरनिराळ्या खात्यांकडून घ्यावे लागत. ते सगळे एकाच वेळी मुदतीत असतील तरच औषध रुग्णालयात पोहोचत असे. शेवटचा परवाना हाती पडेपर्यंत पहिल्याची मुदत संपलेली असायची. बहुतेक रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडून दिले आणि देशातील त्याचा वापर 1985 मधील सुमारे 600 किलोंवरून 1997 मध्ये 18 किलोंवर आला. ज्या देशात सरकारी परवान्याने अफू पिकते आणि नीमच व गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत तिच्यावर प्रक्रिया होते, त्याच देशात हे घडले.

केरळने आपले नियम लवकर सोपे केले, म्हणूनच तेथे उपशामक सेवा (गंभीर आजारात वेदना आणि त्रास कमी करणारी सेवा) गावोगावी पोहोचू शकली. उरलेल्या देशासाठी 2014 ची दुरुस्ती यावी लागली. मॉर्फिनसह सहा औषधांना देशभर एकच नियम लागू झाले आणि राज्याच्या औषध नियंत्रकाने मान्यता दिलेल्या संस्थेला वेगवेगळ्या परवान्यांची गरज उरली नाही.

कायदा बदलला तरी धास्ती गेली नाही. मधल्या काळात शिकलेल्या कित्येक डॉक्टरांनी मॉर्फिनची चिठ्ठी एकदाही लिहिलेली नाही. तंबाखूमुळे जबड्याचा कर्करोग झालेला रुग्ण आमच्याकडे येतो तेव्हा अनेक रात्री त्याने बसून काढलेल्या असतात आणि पिशवीत डायक्लोफेनॅक या नेहमीच्या वेदनाशामकाच्या रिकाम्या पट्ट्या असतात. दर चार तासांनी मॉर्फिनची गोळी आणि सोबत बद्धकोष्ठतेचे औषध, एवढ्यानेही अशा अनेकांना झोप लागते. ते आधीच्या डॉक्टरांनी का दिले नाही, या नातेवाइकांच्या प्रश्नाचे उत्तर देणे मला फार जड जाते.

एप्रिल 2018 मध्ये ट्रामाडॉल हे मॉर्फिनच्याच वर्गातले, पण सौम्य वेदनाशामकही या कायद्याखाली आले. पंजाबात त्याचा गैरवापर खरोखरच होत होता, त्यामुळे नियंत्रणाला माझा विरोध नाही. पण अनेक मेडिकलवाले आता ते ठेवतच नाहीत. मग मणक्याची झीज झालेल्या, मूत्रपिंड आधीच कमकुवत असलेल्या आजींना सहज मिळते ते डायक्लोफेनॅक, आणि त्यांच्या मूत्रपिंडाला खरा धोका त्याचाच असतो. कायदा कडक झाल्याची ही किंमत कोणत्याही जप्तीच्या आकड्यात दिसत नाही.

अमेरिकेतही असेच घडले. मॉर्फिनच्या वर्गातील वेदनाशामकांबद्दलच्या 2016 च्या सरकारी मार्गदर्शक सूचनांतील मात्रेचे आकडे विमा कंपन्या आणि काही राज्यांनी सक्तीची मर्यादा म्हणून वापरले, अनेक जुन्या रुग्णांची औषधे एकाएकी तोडली गेली, आणि 2022 च्या सुधारित सूचनांत ते आकडे इतके ताठरपणे लावू नयेत असे स्पष्ट करावे लागले.

आपल्या घरी असा रुग्ण असेल, तर जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयातील किंवा कर्करोग रुग्णालयातील वेदनाशमन अथवा उपशामक सेवा विभागात चौकशी करावी, मूळ चिठ्ठी आणि जुने कागद सोबत ठेवावेत, आणि चालू असलेली ट्रामाडॉल किंवा मॉर्फिनची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय अचानक बंद करू नये.