टाचेच्या मागचं दुखणं नुसत्या आरामाने का जात नाही

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. सकाळी उठल्यावर पहिली काही पावलं टाच मागून आखडलेली, थोडं चाललं की मोकळी, पळताना सुरुवातीला दुखतं मग थांबतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत तेच. तीन आठवडे पूर्ण आराम केलात, तेलाने चोळलंत, बरं वाटलं म्हणून पळालात आणि दोन दिवसांत पहिल्यासारखं झालं. हे अकिलीस टेंडनचं (टेंडन म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा दोरीसारखा पट्टा) जुनाट दुखणं वाटतंय. मी डॉक्टर नाही, पण मला स्वतःला हे झालेलं आहे आणि आमच्या ग्रुपमध्ये घाटाचा सराव सुरू झाला की दर पावसाळ्यात एकदोघं तरी हीच तक्रार घेऊन येतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी आरामाचं बघू. पोटरीचे दोन मोठे स्नायू खाली येऊन याच एका जाड टेंडनमध्ये मिळतात आणि तो टाचेच्या हाडाला चिकटतो. पळताना त्याच्यावर शरीराच्या वजनाच्या ६ ते ८ पट ताण येतो, चढावर तर टाच खाली जाते म्हणून ओढ अजून वाढते, आणि रक्तपुरवठा मात्र स्नायूच्या मानाने कमी. आराम केला की दुखणं शांत होतं पण टेंडनची ताकदही उतरते, पोटरीही कमजोर होते, आणि मग आपण परत तेच अंतर पळायला जातो. म्हणजे आधीपेक्षा कमजोर पायावर तोच भार. टेंडनला हळूहळू वाढवत नेलेला भारच लागतो, चोळून किंवा क्रेप बँडेज बांधून तेवढ्यापुरतं बरं वाटेल, बाकी काही नाही.

आता टाचेच्या मागचा हा टेंडन दोन बोटांच्या चिमटीत धरून दाबत वर जा आणि नेमकं कुठे दुखतंय ते बघा. हाडापासून २ ते ६ सेंटिमीटर वर दुखत असेल, तिथे जाडसर गाठ लागत असेल, तर तो एक प्रकार. अगदी हाडाला चिकटतो तिथेच दुखत असेल तर दुसरा, आणि दोघांचा व्यायाम थोडा वेगळा आहे, हे बरेच जण सांगतच नाहीत.

पहिल्या प्रकाराला स्वीडनचे ऑर्थोपेडिक सर्जन अल्फ्रेडसन यांनी १९९८ मध्ये मांडलेला व्यायाम प्रसिद्ध आहे. जिन्याच्या पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभं राहायचं, चांगल्या पायाने वर चढायचं, दुखऱ्या पायावर वजन घेऊन टाच अगदी सावकाश पायरीच्या खाली न्यायची. १५ चे ३ सेट गुडघा सरळ ठेवून, तेवढेच गुडघा वाकवून (वाकवल्यावर आतल्या स्नायूला काम लागतं), दिवसातून २ वेळा, १२ आठवडे. सोपं वाटायला लागलं की पाठीवर सॅक घेऊन वजन वाढवायचं. एवढं रोज जमत नसेल तर आठवड्यातून ३ दिवस जास्त वजन घेऊन सावकाश करण्याचा पर्यायही आहे, नंतरच्या अभ्यासात त्याचाही तितकाच फायदा दिसला, फक्त तो फिजिओच्या देखरेखीत करा. दुखणं हाडाजवळचं असेल तर मात्र टाच पायरीच्या खाली न्यायचीच नाही, सपाट जमिनीवर करायचं, भिंतीला टेकून पोटरी ताणायचा स्ट्रेचही काही दिवस बंद, आणि घरात अनवाणी न फिरता थोडी टाच असलेली चप्पल घाला, खूप फरक पडतो.

करताना थोडं दुखलं तर घाबरू नका. दुसऱ्या दिवशी सकाळचं आखडणं नेहमीपेक्षा वाढलंय का ते बघायचं, वाढलं असेल तर काल जास्त झालं, कमी करा.

घोट्याच्या आतल्या बाजूला दुखत असेल, पायाची कमान बसत चालली असेल आणि एका पायावर टाच उचलता येत नसेल तर तो टेंडनच वेगळा, त्यात वेळ घालवू नका, ऑर्थोला दाखवा.

अजून एक, गेल्या काही आठवड्यांत सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन किंवा ओफ्लॉक्सासिन यातलं कुठलं अँटिबायोटिक घेतलंय का? पोट बिघडलं की आपल्याकडे हे सर्रास घेतलं जातं. या गटातल्या गोळ्यांनी टेंडन दुखावू शकतो, तुटूही शकतो, आणि साठीच्या पुढे किंवा सोबत स्टेरॉइड चालू असेल तर धोका जास्त. अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) २००८ मध्येच यावर कडक इशारा दिलाय. घेतली असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. आणि अकिलीसमध्ये स्टेरॉइडचं इंजेक्शन कोणी सुचवलं तर दुसरं मत घेतल्याशिवाय हो म्हणू नका.

मागून कोणीतरी लाथ मारल्यासारखं वाटून कट्कन आवाज आला तर थांबा. टेंडन तुटला तरी माणूस लंगडत चालू शकतो, पाऊलही थोडं हलतं, म्हणून मुरगळलं समजून लोक घरी बसतात. पालथं झोपून पाऊल पलंगाबाहेर ठेवायचं आणि दुसऱ्याने पोटरी दाबायची, पाऊल खाली हललं नाही तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन पळू का, असं विचारलंत. दीड महिना राहिलाय आणि यवतेश्वरचा घाट म्हणजे निम्मी शर्यत सलग चढ, या टेंडनला नेमका तोच नको आहे. माझं स्पष्ट मत, यंदा सोडा. तोपर्यंत सायकल, पोहणं चालू ठेवा, सपाटीवर एक दिवसाआड हळू पळा, सकाळी त्रास वाढत नसेल तरच. चढ सगळ्यात शेवटी, दुखऱ्या एका पायावर २० ते २५ वेळा टाच न दुखता उचलता आली की मगच.