पाळकगृह सोडल्यावर

"निवृत्तीनंतर आम्हा दोघांत बोलायला काही उरलंच नाही." ही तक्रार घेऊन माझ्याकडे शिक्षक येतात, एसटीतले येतात. दोन वर्षांपूर्वी एक पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, पत्नीला घेऊन आले. त्यांच्या परवानगीने आणि ओळख पटणार नाही इतपत बदल करून सांगते.

साहेब यवतमाळच्या युनियन बिब्लिकल सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या कॉलेजात, शिकलेले. १९८३ मध्ये ती पुण्याला गेली, त्याच्या आधीचे विद्यार्थी. पुढची सगळी सेवा मेळघाटात, कोरकू वस्त्यांमध्ये. निवृत्त झाले, मिशन कंपाउंडमधलं पाळकगृह रिकामं केलं आणि अचलपूर तालुक्यातल्या एका गावात दोन खोल्या घेतल्या. तिथे साहेब दिवसभर खाटेवर बसून फोनची वाट पाहायचे, बाई स्वयंपाकघरातून बाहेर यायच्या नाहीत.

पहिल्या भेटीत पाऊण तास साहेबच बोलले. मी चर्चची मंडळी उभी केली, मी संडेस्कूल सुरू केलं, भर पावसात नाला ओलांडून मी प्रभुभोजनाची पवित्र भाकर द्यायला गेलो. त्यात खोटं काहीच नव्हतं. बाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या होत्या. विचारल्यावर एवढंच म्हणाल्या, "यायले साऱ्या मंडळीचं दुखणं समजे. माह्यं कधी विचारलं नाही."

अशा जोडप्यांना लोक छंद लावून घ्या म्हणतात. मला ते पटत नाही. रात्री बारालाही ज्यांचं दार उघडं असायचं, त्यांचं दुखणं रिकाम्या वेळेचं नसतं. मी दोघांना एकेक वही दिली. जिथे जिथे राहिलात त्या गावाचं नाव लिहा आणि खाली जे आठवेल ते. एकमेकांना दाखवू नका.

पंधरा दिवसांनी वह्यांची अदलाबदल केली. साहेबांच्या वहीत सालं, बाप्तिस्मे, चर्चच्या छपराचं काम. बाईंच्या वहीत त्याच गावाखाली लिहिलं होतं: 'पाव्हणे ७. शेजारून पीठ आणलं. लहान्याले ताप १०४, हे अधिवेशनाले.' साहेब मोठ्याने वाचत होते, तापापाशी थांबले.

"मला कळवलं का नाहीस?"

"कळवलं असतं त तुमी वापस आले असते. तिकडे लोकं वाट पाहत रायले असते."

साहेबांनी चष्मा काढून हातात धरला. बऱ्याच वेळाने म्हणाले, प्रत्येक लग्नात मी बायबलमधल्या प्रिस्किल्ला आणि तिचा नवरा अक्विला यांची गोष्ट सांगत आलो. दोघं मिळून तंबू करायचे, प्रेषित पौलाला घरात ठेवून घेतलं, आणि रोमकरांस पत्राच्या १६व्या अध्यायात पौल सलाम सांगताना आधी बायकोचं नाव घेतो. "हे मी दुसऱ्यांना शिकवत होतो, ताई."

बाई त्या दिवशी काही बोलल्या नाहीत. मीही बोलायचा आग्रह धरला नाही. इतक्या वर्षांचं एका माफीने फिटत नाही, आणि तशी घाई मुलांनीही करू नये. तुमच्या घरी असे आईवडील असतील तर सत्काराच्या शालीआधी आईजवळ बसा, एकेका गावाचं विचारा. तिची सालं चुकली तर दुरुस्त करू नका.

चौथ्या भेटीत कळलं की बाईंचे गुडघे दहा वर्षांपासून दुखतात. साहेबांनी स्वतःच दवाखान्याचा नंबर लावला होता. निघताना ते वहीतल्या एका ओळीवर बोट ठेवून थांबले: 'एक बाई अडली, बैलगाडीतच बाळंत झाली. पोरगी. मी होती.'

"ही पोरगी आता कुठं असते?" त्यांनी विचारलं.

बाई खुर्चीत परत टेकल्या आणि सांगू लागल्या.