सरपंच बदलले, बिल अडकले

प्रश्न : मी नुकतीच सरपंच झाले. गटाराचे काम पुरे झाले, तरी पंधराव्या वित्त आयोगातले बिल निघत नाही. ऑपरेटर म्हणतो, पोर्टलवर तुमची डिजिटल सही उमटत नाही. काय करावे?
– एक सरपंच, ता. शाहूवाडी

उत्तर : सरपंचताई, पोर्टलवर बहुधा आधीच्या सरपंचांचीच डिजिटल सही नोंदलेली आहे. ई-ग्रामस्वराज या पंचायतींच्या हिशेबाच्या पोर्टलवर ग्रामपंचायत अधिकारी व्हाउचर (पैसे देण्याची नोंद) तयार करतात, सरपंच मंजूर करतात. दोन्ही सह्या झाल्याशिवाय पैसे पीएफएमएस या केंद्राच्या पैसे देण्याच्या प्रणालीतून ठेकेदाराच्या खात्यावर जात नाहीत. पंचायत समितीत अर्ज देऊन जुनी सही काढायला लावा, मग तुमची नोंदवा. सहीच्या प्रमाणपत्रावर जे नाव, तेच पोर्टलवर हवे. एकीकडे माहेरचे, दुसरीकडे सासरचे नाव असले की इथेच घोडे अडते. आधी नाव दुरुस्त करा, टोकन (डिजिटल सही साठवलेले, पेनड्राइव्हसारखे उपकरण) नंतर घ्या.

टोकन लावूनही सही उमटत नसेल तर त्याचा ड्रायव्हर (संगणकावर टोकन चालवणारे सॉफ्टवेअर) आणि प्रमाणपत्राची मुदत तपासा. पासवर्ड अंदाजाने टाकत राहू नका, काही चुकांनंतर टोकन लॉक होते.

सही होऊनही पैसे परत आले, तर ठेकेदाराच्या बँक शाखेचा कोड, म्हणजे आयएफएससी, पाहा. 2020 मध्ये सिंडिकेट बँक कॅनरात विलीन झाली आणि तिचे जुने कोड पुढे बंद पडले. पोर्टलवरच्या ठेकेदारांच्या यादीत मात्र ते तसेच राहतात. नवे व्हाउचर काढण्याआधी पहिल्याची स्थिती बघाच, नाहीतर एकाच कामाचे पैसे दोनदा जातील.

आणि कृपा करून टोकन ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये ठेवू नका. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 नुसार ती तुमचीच सही आहे. लेखापरीक्षणात आक्षेप निघाला तर खुलासा तुम्हालाच द्यावा लागेल. कामाचे नाव गावाच्या विकास आराखड्यात आहे का, रक्कम मोजमाप पुस्तिकेशी जुळते का, हे पाहिल्याशिवाय टोकन लावू नका.

प्रश्न : घरफाळा संगणकावर आला. आता नमुना 8 चे (कर आकारणीचे) रजिस्टर बंद करावे का?
– ग्रामपंचायत सदस्य, ता. शिरोळ

उत्तर : इतक्यात नको. आधी नमुना 9 (कर मागणीचे रजिस्टर) मधली मागील बाकी आणि चालू मागणी रजिस्टर व संगणक दोन्हीकडे जुळवा. फरक बहुधा वाटणी झालेल्या घरांत सापडतो : मुलांच्या नावे नवे मिळकत क्रमांक पडतात, वडिलांचा जुना तसाच राहतो आणि मागणी फुगते. तुमच्या तालुक्याने 2019 आणि 2021 चे पूर पाहिले आहेत. रजिस्टर पानन् पान स्कॅन करा आणि एक प्रत गावाबाहेर, पंचायत समितीत ठेवा.