गजकर्णाच्या क्रीमला हात घालण्याआधी

कडुनिंबाचा ओला पाला वाटून मेणात कालवू नका. काही दिवसांत क्रीमलाच बुरशी धरते. पाला सावलीत वाळवून भरड करा. १०० ग्रॅम भरडीला ५०० मिली ७० टक्के इथेनॉल घालून ३ दिवस झाकून ठेवा, अधूनमधून हलवा. गाळून वॉटरबाथवर, म्हणजे गरम पाण्यात भांडं ठेवून आटवा, गॅसच्या ज्योतीवर अजिबात नको.

१०० ग्रॅम क्रीमला खोबरेल १२, करंजतेल ३, इमल्सिफायिंग वॅक्स (तेल-पाणी एकजीव ठेवणारं मेण) ६, सिटाइल अल्कोहोल (दाटपणा देणारा मेणासारखा पदार्थ) २, ग्लिसरीन ४, अर्क २, फिनॉक्सीइथेनॉल (प्रिझर्वेटिव्ह, क्रीम खराब होऊ न देणारं) १, डिस्टिल्ड वॉटर ७०. बोअरचं पाणी चालत नाही. तेलाचा आणि पाण्याचा भाग वेगवेगळा ७० ते ७५ अंशांवर आणा, मगच एकत्र करा. पाणी गार असलं की मेणाच्या कण्या होतात, आणि त्या नंतर कितीही घोटा, जात नाहीत. अर्क आणि फिनॉक्सीइथेनॉल ४० अंशांखाली घाला. पीएच (आम्लतेचं माप) ५.५च्या आसपास हवा.

सोलापूरच्या मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, म्हणून नमुना ४५ अंशांच्या ओव्हनमध्ये महिनाभर ठेवून बघा. पाणी सुटलं तर वॅक्स १ ग्रॅम वाढवा, तेवढंच पाणी कमी करा.

चाचणीत बहुतेक जण इथे फसतात: अगार प्लेटवर (बुरशी वाढवायच्या बशीवर) अर्क नसलेली तीच क्रीमही लावा. प्रिझर्वेटिव्ह आणि उरलेलं इथेनॉलसुद्धा बुरशी मारतात, श्रेय मात्र कडुनिंबाला जातं. गजकर्णासाठी ट्रायकोफायटॉन ही गजकर्ण करणारी बुरशी घ्या. कॅन्डिडा या वेगळ्या बुरशीवरचा निकाल इथे कामाचा नाही. प्लेटवर बुरशी न वाढलेलं वर्तुळ दिसलं म्हणून डबीवर ‘गजकर्ण बरे करते’ छापू नका. विकायची तर आधी औषध परवाना.