गॅरेजच्या खोलीत पाच हजार पौंड वाचवावेत का?

प्रश्न: आम्ही इंग्लंडमध्ये रीडिंगला राहतो. घराला लागून एकेरी विटेचं गॅरेज आहे, त्याची खोली करायची आहे. ऑक्टोबरमध्ये साताऱ्याहून सासू-सासरे सहा महिन्यांसाठी येणार आहेत आणि सासऱ्यांना आता जिना चढवत नाही. एक बिल्डर 12,500 पौंडांत करून देतो म्हणतो. तो भिंतींना चंदेरी फॉइल लावणार आणि कौन्सिलला कळवणार नाही. दुसऱ्याचं कोटेशन 17,800 चं आहे. त्यात जाड इन्सुलेशन, बिल्डिंग कंट्रोल (बांधकाम नियमांची तपासणी), सर्टिफिकेट सगळं आलं. आमच्याकडे कॅश आयसामध्ये (इथलं करमुक्त बचत खातं) 24,000 पौंड आणि गेल्या दिवाळीत केलेली 15 लाख रुपयांची एनआरई एफडी (अनिवासी भारतीयांची भारतातली ठेव) आहे. मिस्टर कॉन्ट्रॅक्टवर काम करतात. महिन्याचा खर्च 3,100. चार-पाच वर्षांत घर विकायचा विचार आहे. पहिला बिल्डर म्हणतो, 15 वर्षांत पैसे वसूल होत नसतील तर नियमातून सूट मिळते. हे खरं आहे का?

उत्तर: अर्धवट खरं आहे, आणि तेही त्याच्या सोयीचं अर्धं.

इंग्लंडमधल्या नियमांत (स्कॉटलंड आणि वेल्सची घडी वेगळी) गॅरेजची राहती खोली केली की जुन्या भिंतीची यू-व्हॅल्यू 0.30 पर्यंत आणावी लागते. भिंतीतून उष्णता किती गळते, त्याचा हा आकडा. जितका लहान तितका चांगला. तुमच्या एकेरी विटेच्या भिंतीचा तो 3.3 च्या आसपास असणार, म्हणजे हव्या त्या आकड्याच्या अकरापट. 15 वर्षांची अट नियमात खरोखर आहे. इन्सुलेशनचा खर्च तेवढ्या काळात वसूल होत नसेल, तर थोडी ढिलाई मिळू शकते. पण वसुली मोजायची ती आजच्या उघड्या विटेपासून.

तुम्ही पाठवलेल्या मापांवरून, घराकडची सामाईक भिंत वगळली तर सुमारे 18 चौरस मीटर जुनी भिंत बाहेरच्या हवेला लागून आहे. गॅसचा दर युनिटला 6 पेन्स धरला आणि ही खोली बाकीच्या घरासारखीच गरम ठेवली, तर 3.3 वरून 0.30 वर आल्याने वर्षाला साधारण 170 पौंड वाचतात. दुसऱ्या कोटेशनमध्ये भिंतींच्या इन्सुलेशनचे 2,100 लावलेत. म्हणजे वसुली साडेबारा वर्षांच्या आत. तुम्हाला सूट मिळत नाही, विषय संपला. मिळाली असती तरी शक्य तितकं इन्सुलेशन करावंच लागलं असतं. फॉइल ठोकून मोकळं होता आलं नसतं.

आता हाच हिशोब उलट्या बाजूने करू, कारण तुम्हाला नुसता नियम नको, पैशाचं उत्तर हवंय. फॉइलवाल्याला झुकतं माप देऊन त्याची भिंत 1.0 पर्यंत येते असं धरलं, तर तिथून 0.30 पर्यंत जायला वर्षाला फक्त 40 पौंडांचा गॅस वाचतो. फॉइल 600 ला, जाड बोर्ड 2,100 ला. वरचे 1,500 नुसत्या गॅसच्या बिलातून वसूल व्हायला 37 वर्षं लागतील. इन्सुलेशन विकणारे हे सांगत नाहीत. पहिले दोन-अडीच सेंटिमीटर सगळ्यात जास्त काम करतात, पुढची जाडी कमी कमी. तेव्हा हे 1,500 गॅस वाचवण्यासाठी नाहीत. ते जातात सर्टिफिकेटसाठी, आणि भिंतीवर ओल धरून सासऱ्यांच्या पलंगामागे काळी बुरशी येऊ नये म्हणून.

सर्टिफिकेटची किंमत तुम्हाला विकताना कळेल. खरेदीदाराचा सॉलिसिटर पहिल्या फेरीतच ते मागतो. नसेल तर मग घासाघीस, इन्डेम्निटी पॉलिसी (सर्टिफिकेट नसल्याच्या जोखमीचा विमा), नाहीतर त्या खोलीची गणना ‘स्टोअर’ म्हणून. पूर्वी कौन्सिलला काम दुरुस्त करायची नोटीस एका वर्षाच्या आतच काढता यायची. ऑक्टोबर 2023 पासून ती मुदत 10 वर्षं झाली. तुम्ही पाच वर्षांत विकणार, म्हणजे ऐन त्या मुदतीत. नंतर रेग्युलरायझेशन (झालेल्या कामाला मागाहून मंजुरी) करून घेता येतं, पण त्यासाठी प्लास्टरबोर्ड उघडून दाखवायची वेळ येऊ शकते. तो खर्च आजच्या 1,500 पेक्षा कमी नसेल.

दोन कोटेशनमधला फरक 5,300 चा आहे, त्यातले फक्त 1,500 भिंतींचे. बाकीचे कुठे गेले ते पहा: जमिनीचं इन्सुलेशन आणि ओलरोधक थर, शटरच्या जागी येणाऱ्या नव्या भिंतीचा पाया, आणीबाणीत बाहेर पडता येईल अशी खिडकी, कौन्सिलची फी. यातलं काहीच चैनीचं नाही. घासाघीस करायचीच असेल तर स्पॉटलाइट आणि लॅमिनेट फ्लोअरिंगवर करा. (इन्सुलेशनवर मार्च 2027 पर्यंत शून्य व्हॅट आहे हे मिस्टरांनी वाचलं असेल. अख्ख्या कन्व्हर्जनचाच भाग म्हणून ते होत असेल, तर साधारणपणे सगळ्यावर 20 टक्केच लागतो. त्यावर बेत आखू नका.)

एक सवलत मात्र मागून बघा. इन्सुलेशनमुळे खोलीचं क्षेत्रफळ 5 टक्क्यांहून जास्त घटत असेल, तर अधिकारी कमी जाडी मान्य करू शकतो. तुमचं गॅरेज आतून अडीच मीटर रुंद, पाच लांब. 50 मिलिमीटर पोकळी, 75 चा बोर्ड आणि वर प्लास्टरबोर्ड असं धरलं तर 8 टक्के जागा जाते. वॉकर घेऊन पलंगाला वळसा घालणाऱ्या माणसाला ते 13-14 सेंटिमीटर जाणवतात. पण हे बिल्डरला विचारू नका. बिल्डिंग कंट्रोलला काम सुरू होण्याआधी ईमेल करा आणि उत्तर लेखी घ्या.

आता पैसे कुठून आणायचे. 17,800 दिल्यावर आयसात 6,200 उरतात, म्हणजे दोनच महिन्यांचा खर्च. कॉन्ट्रॅक्टवाल्या घराला मी सहा महिने ठेवायला सांगतो. तरीही मी हो म्हणतोय, ते तुमच्या एफडीमुळे. आजच्या दराने ती बारा हजार पौंडांच्या आसपास जाते, आणि दोन्ही मिळून सहा महिन्यांच्या जवळ पोचतात. पण तिला आत्ता हात लावू नका. एनआरई ठेव वर्ष पूर्ण व्हायच्या आत मोडली तर व्याज शून्य. दिवाळीनंतर ती तुमची दुसरी फळी. तिचं व्याज भारतात करमुक्त असलं तरी इथे बहुतेकांना दाखवावं लागतं, तेवढं तपासून घ्या. मिस्टरांचं सध्याचं कॉन्ट्रॅक्ट ऑक्टोबरच्या आधीच संपत असेल, तर नूतनीकरण हातात येईपर्यंत काम सुरू करू नका. सासू-सासरे पहिले काही आठवडे हॉलमधल्या सोफा-बेडवर झोपले तर काही बिघडत नाही.

बिल्डरला पैसे टप्प्याटप्प्याने द्या आणि शेवटचे 10 टक्के सर्टिफिकेट आल्यावरच. प्लास्टरबोर्ड चढण्याआधी अधिकारी बघून गेला पाहिजे. त्या दिवशी बोर्डांचे फोटो टेप धरून काढा, सांध्यांवरची फॉइल टेप दिसेल असे. घराचा विमा आणि मॉर्गेज देणारी संस्था यांना एकेक ईमेल टाका. आणि तुमची इस्टेट (घरांची वसाहत) नवी असेल, तर गॅरेज गाडीसाठीच ठेवायची अट प्लॅनिंगच्या परवानगीत नाही ना, हे पहिल्या हप्त्याआधी बघा. अशी अट असेल तर वेगळी परवानगी लागेल, आणि ऑक्टोबर तुमच्या हातात राहणार नाही.