जुनी मारुती ८०० घरच्या घरी सांभाळायची तर कोणती कामे स्वतः करावीत?

आपण चिपळूणला राहता, वडिलांची २००४ ची मारुती ८०० आपल्याकडे आहे आणि तेलबदल, प्लग, ब्रेक यांपैकी काय घरी करता येईल असे विचारले आहे. माझे मत असे की इंजिनाची काळजी शेवटी करावी. ७९६ सीसीचे ते तीन सिलिंडरांचे इंजिन वेळेवर तेल आणि कूलंट मिळाले तर सहसा दगा देत नाही. आपल्या किनाऱ्यावर गाडी मरते ती पत्र्याने, आणि पत्रा कशाने सडतो यावरून आमच्या घरात बारा वर्षे वाद आहे, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आमचे घर गुहागरला, सुरूच्या बनाला लागून. गाडी दादाने घेतलेली. तो मुंबईला गेल्यावर ती माझ्याकडे राहिली. खाऱ्या वाऱ्याने पत्र्यावर मीठ बसते, म्हणून मी दर रविवारी विहिरीच्या पाण्याने ती खालूनवरून धूत असे. एका पावसाळ्यात डाव्या सीटसमोरचे, पायाखालचे कार्पेट ओले राहू लागले. काचेचे रबर गेले आहे असे सांगून गॅरेजमध्ये सिलिकॉन भरून दिले, पुढच्या वर्षी पुन्हा भरले, तरी पाणी यायचे ते आलेच. गणपतीला दादा आला, त्याने कार्पेट उचलले आणि गंजलेल्या पत्र्याचा पापुद्रा त्याच्या हातात आला. सगळ्या घरासमोर तो म्हणाला, “तूच धुऊन धुऊन सडवलीस गाडी.” ते मला फार लागले.

दिवाळीत मी बॉनेट उघडून वायपरच्या बुडाशी असलेल्या जाळीखाली हात घातला. आत सुरूच्या काड्या आणि आंब्याचा मोहोर कुजून शेणखतासारखा काळा गाळ झाला होता. काचेवरून उतरणारे पाणी त्या पन्हळीतून दोन्ही कडांना जाऊन खाली पडायला हवे. वाट बुजल्यामुळे ते तिथेच साचत होते आणि केबिनमध्ये बाहेरची हवा घेणाऱ्या तोंडातून आत उतरत होते. गाळ उपसला, माडाच्या हिराने कडेची भोके मोकळी केली आणि तांब्याने पाणी ओतले, तेव्हा ते पुढच्या चाकामागे धार लागून जमिनीवर पडले. मग चारही दारांच्या खालच्या कडेची भोके त्याच हिराने टोचली. मागच्या डाव्या दारातून तांबूस पाणी कितीतरी वेळ ठिबकत होते.

तेव्हा स्वतः करण्याचे पहिले काम हेच: मे महिन्यात एकदा आणि पाऊस सरल्यावर एकदा ही सगळी भोके मोकळी करावीत. गाडीच्या तळाचा पत्रा वरवर गंजला असेल तर तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासून, रेड ऑक्साइड (गंज रोखणारा तांबडा अस्तर-रंग) लावून वर रंग द्यावा. आरपार भोक पडले असेल तर वेल्डिंगला पर्याय नाही. गंज न काढता त्यावर काळे कोटिंग मारून देणाऱ्याकडे मुळीच जाऊ नये, कारण ओल आत कोंडते आणि पत्रा दिसत नसताना खाल्ला जातो.

बॅटरीच्या टर्मिनलांवर खाऱ्या हवेत पांढरी-हिरवी भुकटी लवकर धरते. आधी ऋण आणि मग धन टर्मिनल सोडवावे, खाण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्याने घासून कोरडे करावे, जोडताना धन आधी जोडावे आणि वर पेट्रोलियम जेली लावावी. इंजिन बंद असताना भरलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. तेल, एअर फिल्टर आणि तीन प्लग बदलणे आपल्याला सहज जमेल. ब्रेक मात्र शिकल्याशिवाय उघडू नयेत.

घरातले कोणी “गाडीवर पाणी मारू नकोस” म्हणाले तर त्यांना मीठ आणि पाणी यांतला फरक सांगावा. गोड्या पाण्याने मीठ निघून जाते. सडवते ते अडून राहिलेले पाणी. धुतल्यावर दारे उघडी टाकून गाडी उन्हात वाळवावी, एवढे पुरते. त्या दिवाळीपासून दर गणपतीला दादासमोर मी कार्पेट उचलून दाखवतो आणि ते कोरडे असते. तरी त्याने आपले वाक्य मागे घेतलेले नाही.

दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नये, आणि आपल्याकडे सर्रास लावतात तसा जांभ्याचा चिराही टेकू म्हणून लावू नये, कारण तो एकाएकी फुटतो; लोखंडी स्टँडच वापरावेत. दुसरे असे की आपली गाडी जुलै २०२१ च्या पुरात बुडालेली असेल, तर आधी कार्पेटखालच्या वायरींचे जोड उघडून तपासावेत आणि मगच वर सांगितलेल्या कामांना हात घालावा.